तळाचं आंबट

पुष्पाला हळू बोलता येत नाही. साखरशेतच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर तिची अंगणवाडी आहे. सकाळी ती पोरांना हाका मारायला लागली की खाली ओहोळावर पाणी भरणाऱ्या बायका म्हणतात, "चला, उशीर झाला." तिचा नवरा तुळशीदास फार कमी बोलतो. लग्नाआधी मीही बोलायचो, असं तो सांगतो, पण तेसुद्धा ती घरात नसताना.

ती माहेरची वावर गावची. वावरचं नाव काढलं की बाहेरचा माणूस अजून जरा गप्प होतो. ज्या साली तिथली पोरं कुपोषणाने गेली, त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने पुष्पा जन्मली. तिच्या आधीची बहीण त्या सालातच गेली होती. तिचा फोटो नाही. नाव होतं, पण आई ते घेत नसे. ती एवढंच सांगायची, "लय हलकी होती गं. उचलली तरी हातात काय हाय, असं वाटायचं नाय." हे एक वाक्य पुष्पा माहेराहून घेऊन आली. बाकी एक ट्रंक आणि दोन हंडे होते.

त्यामुळे महिन्याच्या वजनाचा दिवस तिला सणासारखा. पोर काट्यावर उभं राहिलं आणि आकडा पुढे सरकला की ती सगळ्या पाड्याला ओरडून सांगते. आकडा मागे आला तर मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. पाड्याला हे पाठ झालंय. पुष्पा गप्प दिसली की लोक विचारतात, "कोणाचं पोर उतरलं?"

गेल्या फाल्गुनात ती ज्या पोरीपायी गप्प झाली, तिचं नाव योगिता. पाच वर्षांची. तिचा बाप जगन दिवाळी झाल्यावर बायको आणि धाकटं तान्हं पोर घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला होता. योगिता मागे राहिली आजीजवळ. आजीचं नाव जिजा. जिजाचा स्वभाव कडक आणि जीभ त्याहून कडक, पण नातीवर जीव. पोर भाकरीचे दोन घास खायची आणि तिसरा हातात धरून बसायची. खिचडीतले दाणे वेचायची. मनापासून घ्यायची ती एकच गोष्ट, आजीच्या हातची नागलीची आंबील. त्या आंबिलीवरच हिवाळ्यात ती जरा सावरली होती.

पुष्पा तिला काट्यावर उभी करताना दर वेळी म्हणायची, "अखातीच्या सणाला आय येईल. तोवर एवढी जड हो, एवढी जड हो, की आयला तुला उचलताच येऊ नये!" योगिता हसायची नाही. ती ऐकून घेऊन आत ठेवायची.

आता आंबिलीचं मडकं म्हणजे काय, ते सांगायला हवं. नागलीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात ठेवायचं. ते आंबलं की लागेल तेवढं काढून कण्या घालून चुलीवर शिजवायचं. मडकं मात्र कधी पुरतं रिकामं करायचं नाही. तळाला ओंजळभर कालचं राहू द्यायचं आणि त्याच्यावर आजचं पीठ ओतायचं. मडकं घासायचं नाही, राख लावायची नाही. कड तेवढी ओल्या हाताने पुसायची. तळाशी राखलेल्या त्या ओंजळभराला पाड्यावर नुसतं "आंबट" म्हणतात. एखादीचं आंबट मेलं, मडकं फुटलं, किंवा नवी सून वेगळी राहायला लागली, तर ती भांडं घेऊन दुसरीच्या दारी जाते. मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही, मग भाऊबंदकी असो की बोलाचाली बंद असो. मात्र मागायला घरच्या चुलीवरच्या बाईनंच यायचं. निरोप चालत नाही, पोराच्या हाती भांडं पाठवलेलं चालत नाही. हा पाड्याचा रिवाज आहे, कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही.

आणि हे सगळं पुष्पाला ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं जे झालं त्याचा तिला इतका राग आला, स्वतःचाच.

झालं असं. जव्हारला अंगणवाडीच्या सेविकांना हात धुण्याचं प्रशिक्षण दिलं. उज्ज्वला मॅडम म्हणून एक बाई होत्या, चांगलं शिकवायच्या. पुष्पा तिथून एक भलंमोठं चित्र घेऊन आली. त्यात हिरवे, जांभळे जंतू होते आणि प्रत्येकाला शिंगं आणि दात. तिने ते भिंतीवर लावलं. मग भाकरीचे दोन तुकडे घेतले. एक तुकडा पोरांनी मातीत खेळून आलेल्या हातांनी चिवडला, दुसरा साबणाने धुतलेल्या हातांनी. दोन्ही तुकडे दोन पिशव्यांत घालून खिळ्याला टांगले. पोरं रोज येऊन आधी पिशव्या बघायची, मग चप्पल काढायची. काही दिवसांनी पहिल्या तुकड्यावर काळी-हिरवी लव आली. माघ्या नावाचं एक बारकं पोर ओरडलं, "ताई, भाकरीला मिशा फुटल्या!"

पुष्पाला आपल्या धड्याचं फळ बघून काय आनंद झाला! ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हेच ते जंतू! आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. जिथं आंबूस वास, तिथं जंतू. जिथं बुडबुडे, जिथं फेस, तिथं जंतू. ते पोटात गेले की पोट दुखतं, हगवण लागते आणि वजन उतरतं!"

हे ती बोलली तेव्हा सकाळची दोन वाट्या आंबील तिच्या पोटात होती. पण बोलायच्या भरात माणसाला स्वतःचं पोट आठवत नाही.

पोरं हात धुवायला लागली. आया खूश झाल्या. मग एके दिवशी सकाळी जिजा अंगणवाडीच्या दारात आली. एका हाताला योगिता, दुसऱ्या हातात मडकं. मडकं तिने उंबऱ्यावर पालथं घातलं. आतून एक थेंब पडला नाही.

"बघ तुझ्या शाळेचं शिक्षण," ती म्हणाली.

"काय झालं जिजाआजी?"

"मी लाकडं आणायला गेले. येऊन बघते, तर ही मडकं घेऊन ओहोळावर बसलेली. आतनं साबण लावला, वाळूनं घासलं, उन्हात पालथं घातलं. माझ्या आयनं दिलेलं आंबट. सासरी येताना डोक्यावर घेऊन आले. दुष्काळात जगवलं. आन ह्या पोरीनं ओहोळात सोडलं!"

योगिता पुढे झाली. मार खाऊन, रडून तिचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. ती पुष्पाकडे बघत होती, शाबासकीची वाट बघितल्यासारखी.

"ताई, त्यात बुडबुडे होते," ती म्हणाली. "लय होते. मी सगळे मारले."

 पुष्पाने मडक्यात नाक घातलं. आत साबणाचा गोड वास होता, मातीत मुरलेला.

"आता यात काय ठेवू? फेस?" जिजा म्हणाली आणि मडकं तिथेच टाकून निघून गेली. नातीला मात्र ठेवून गेली, कारण खिचडी शिजत होती.

खरी अडचण मडक्याची नव्हती. शेजारच्या हिरीने त्याच दिवशी आपल्या घरची वाटीभर शिजलेली आंबील योगितासाठी आणून दिली. योगिताने वास घेतला आणि तोंड मिटलं. पुष्पाने तिला मांडीवर घेतलं.

"अगं, आंबील चालते. पी."

"जंतू हायत."

"नाहीत."

"आंबूस वास हाय. तूच सांगितलं. वजन उतरतं."

पुष्पाने समजावलं, चुचकारलं, शेवटी स्वतः दोन घोट पिऊन दाखवले. योगिता काळजीने तिच्या पोटाकडे बघत राहिली. त्या दिवसापासून पोर प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायला लागली. भाकरीचा, वरणाचा, अंड्याचा. आधीच दोन घास खाणारी, ती एकावर आली. आंबील तर सुटलीच. आयला उचलता येऊ नये म्हणून ती जंतूंपासून जपत होती आणि रोज थोडी थोडी हलकी होत होती. पुष्पाने त्या महिन्याचं वजन केलं तेव्हा आकडा मागे आला होता.

त्या दिवशी ती घरी आली ती मुकी. तुळशीदासने विचारलं, "कोणाचं उतरलं?"

"मी उतरवलं," ती म्हणाली आणि चुलीपुढे बसून राहिली. बहिणीचं न घेतलेलं नाव तिला त्या संध्याकाळी फार आठवलं. आईच्या हातात काही लागत नव्हतं, ते तिला आपल्या हातात जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती टेकाडावर चढली. मोबाइलला रेंज तिथेच येते. तिने उज्ज्वला मॅडमना फोन लावला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. मडक्यापर्यंत आल्यावर मॅडम हसल्या. पोरगी खात नाही हे ऐकल्यावर हसायच्या थांबल्या.

"पुष्पाताई, दही कशाने लागतं?"

"विरजणाने."

"आणि विरजणात कोण असतं? तेही जंतूच. आंबिलीतलेही तेच, आपल्या कामाचे. पिठातलं जे आपल्याला पचत नाही ते हे जंतू सोपं करून ठेवतात. वाईट जंतूंना त्यांच्या आंबटपणात जागा मिळत नाही."

"म्हणजे मी पोरीला खोटंच सांगितलं."

"अर्धं सांगितलंत. आणि ते अर्धंही मीच तुम्हाला दिलं. चित्रात आम्ही सगळ्यांनाच शिंगं काढून ठेवली." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे फुगे आहेत का?"

फुगे होते. सव्वीस जानेवारीचे उरलेले, अंगणवाडीच्या कपाटात. मॅडमनी युक्ती सांगितली आणि पुष्पा उतार धावत उतरली. पण त्या युक्तीला आंबट लागत होतं. कोणाच्याही घरचं चाललं असतं, तिच्या स्वतःच्या घरीही होतंच. पण तिला वाटलं, पोरीने मारलं ते आजीचं आंबट. आता दाखवायचं तर तेच दाखवावं. ते मेलं नाही असं पोरीला दिसलं, तरच ती पुन्हा विश्वास ठेवील.

आणि ते खरोखरच मेलं नव्हतं. पाड्याच्या दुसऱ्या टोकाला रुपीच्या घरी होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी, रुपी नवी नवरी असताना, जिजानेच तिला मडकं भरून दिलं होतं. पुढे दोघींच्या बांधावरच्या मोहाच्या झाडावरून वाद झाला. फुलं कोणी वेचायची, यावरून. झाड परवाच्या वादळात पडलं, वाद उभाच राहिला. दोघी एकमेकींच्या अंगणाकडे बघत नसत.

पुष्पा आधी रुपीकडे गेली. रुपी सुपात नागली पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"द्यायला मी नाय म्हणत नाय," ती म्हणाली. "पर मागायला चुलीवरची बाई येती. अंगणवाडीची नाय."

मग पुष्पा जिजाकडे गेली.

"रुपीच्या दारी?" जिजा म्हणाली. "मेले तरी नाय."

एरवी पुष्पाने आवाज चढवला असता आणि अर्धा पाडा गोळा झाला असता. त्या दिवशी तिचा आवाजच बसला होता. ती खालीच बसली, जिजाच्या पायांशी.

"आजी, चूक माझी आहे. तुम्ही मला चार शिव्या द्या. पण माझी बहीण वावरला अशीच हलकी होत होत गेली. मी तिला बघितली नाही. हिला मी रोज बघते."

 जिजा उठली, बियाणं ठेवायचं एक लहान मडकं होतं ते रिकामं केलं, धुतलं आणि कमरेवर घेतलं. जाताना नातीला म्हणाली, "चल. मारलंस तू, आणायला तूच चल."

रुपीच्या अंगणाच्या कडेला जिजा थांबली. तोंडाने ती काही मागेना. मडकं तेवढं तिने पुढे धरलं. रुपीने सूप खाली ठेवलं, आत गेली आणि आपलं मडकं उचलून बाहेर आणलं. मडकं तिरपं करून तिने जिजाच्या भांड्यात ओतायला सुरुवात केली. ओंजळभर द्यायची रीत, तिने अर्धं ओतलं.

"बास," जिजा म्हणाली. वादानंतर ती रुपीशी बोललेला तो पहिला शब्द.

"घे. तुझंच हाय," रुपी म्हणाली.

"माहीत हाय मला."

एवढंच. गळ्यात गळे पडले नाहीत. पण परत येताना जिजाची चाल हलकी झालेली पुष्पाने पाहिली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पुष्पाने पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. दोन्हींत नागलीचं पीठ, कोमट पाणी आणि चिमूटभर गूळ घातला. एकीत जिजाच्या मडक्यातलं पळीभर आंबट घातलं, आणि ते योगिताच्या हातूनच घालून घेतलं. पोरीने पळी अशी धरली होती की जणू तीत निखारा आहे. मग दोन्ही बाटल्यांच्या तोंडाला एकेक फुगा ताणून बसवला आणि त्या उन्हात, भिंतीच्या कडेला ठेवल्या.

"यात आहेत ना तुझे जंतू, ते जिवंत आहेत का, ते आता आपण विचारू," पुष्पा म्हणाली.

"कसं विचारायचं?" माघ्याने विचारलं.

"वाट बघून."

पोरांनी वाट बघितली. खिचडी खाताना बघितली, घरी जाताना मागे वळून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाला हाका माराव्या लागल्या नाहीत. ती कुलूप काढते न काढते तोच पोरं भिंतीशी जमली होती. एका बाटलीवरचा फुगा तसाच, मेलेल्या कानासारखा लोंबत होता. आंबटवाल्या बाटलीवरचा फुगा उठून उभा राहिला होता, लाल, लिंबाएवढा.

"कोणी फुगवला?" योगिताने विचारलं. ती वाकून फुग्याच्या अगदी जवळ गेली होती.

"तू घातलंस ना, त्यांनी. ते गूळ खातात, पीठ खातात आणि श्वास सोडतात. ते बुडबुडे म्हणजे त्यांचा श्वास." पुष्पा उकिडवी बसली. "मी तुला अर्धंच सांगितलं होतं, योगिता. माझं चुकलं. भाकरीला मिशा फुटल्या ते पोट बिघडवणारे. त्यांच्यासाठी हात धुवायचेच. पण सगळे तसे नसतात. हे आपल्या घरचे आहेत. तुझ्या आजीने सांभाळलेले, आजीच्या आईने सांभाळलेले. हे वजन उतरवत नाहीत, चढवतात."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती ती आपण, असं तिच्या मनात आलं. पण म्हण पोरांना कळली नसती, म्हणून ती बोलली नाही.

योगिताने फुग्याला हळूच बोट लावलं.

"मी मारले ते?"

"तुझ्या हातून मडक्यातले गेले. पण त्यांचेच भाऊबंद रुपीकाकीकडे राहत होते. तिथं जगले. आता परत घरी आले."

"आजी चुलीवर शिजवती, तवा मरतात?"

हा प्रश्न मॅडमनीही विचारला नव्हता. पुष्पाने खरं ते सांगितलं. "हो, शिजवले तेवढे मरतात. पण तळाला राखून ठेवलेले जगतात. म्हणून तर आजी मडकं रिकामं करत नाही."

त्या दुपारी पोरांना घरी सोडून पुष्पा जिजाकडे गेली. चुलीवर आंबील रटरटत होती, कण्या फुटल्या होत्या, मीठ पडलं होतं. जिजाने वाटी भरली आणि नातीपुढे ठेवली. योगिताने वास घेतला.  पोरीने वाटी दोन्ही हातांनी उचलली, एक घोट घेतला, थांबली, जणू आत काही होतंय का ते ऐकत होती. मग तिने वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. ओठांवर पांढुरकी मिशी उमटली.

"आणीक," ती म्हणाली.

दुसरी वाटीही गेली.  आनंदाच्या भरात जिजाला रीत आठवली नाही. नातीला अजून करून घालावी म्हणून तिने मडकं उचललं आणि उरलंसुरलं सगळं पीठ चुलीवरच्या भांड्यात ओतायला लागली.

योगिताने तिचा हात धरला.

"आजी, तळाचं नको. ते ठेव," ती म्हणाली. "आय आली की तिला पायजे. भट्टीवर तिला कोण देतं?"

जिजाने मडकं खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.  पुष्पा तशीच उठली आणि घरी निघाली. वाटेत कोणाशी बोलली नाही.

तुळशीदास अंगणात दोर वळत बसला होता. तिचा चेहरा बघून त्याने दोर खाली ठेवला.

"कोणाचं उतरलं?"

"कोणाचंच नाही," पुष्पा म्हणाली, इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.